ठासणीच्या रायफलीवर दुर्बीण बसवावी का, आणि बसवायची तर कशी?

धुऱ्यावरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमचे शेत चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात, जंगलाच्या अगदी काठाला आहे. धान निसवला की रानडुकरांचे कळप बांध्यांमध्ये उतरतात आणि एका रात्रीत अख्खी बांधी लोळवून जातात, त्यामुळे कापणी होईपर्यंत मचाणावर जागल करणे ही आमच्या घरची जुनी रीत आहे. आजोबांच्या नावावर पीक संरक्षणासाठी टोपीची, ठासणीची एकनळी बंदूक होती (दारू-गोळी नळीच्या तोंडातून गजाने ठासायची आणि मागे तांब्याची छोटी टोपी बसवायची; तिच्यावर घोडा आपटला की बार उडतो). त्यांच्यानंतर ती वडिलांच्या नावावर आली आणि मागच्या वर्षी तिचा परवाना रीतसर माझ्या नावावर झाला. घरात लहानथोर सगळे तिला "आजोबांची रायफल" म्हणतात. वडिलांनी ती कधी उडवली नाही. दरवर्षी दसऱ्याला शस्त्रपूजेत मांडायची, तेलाचे बोट फिरवायचे आणि पुन्हा पेटीत ठेवायची, एवढाच तिचा उपयोग राहिला होता.

माझी अडचण डोळ्यांची आहे. मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. नेम धरला की मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि समोरचे लक्ष्य यांपैकी एकच गोष्ट स्पष्ट दिसते आणि उरलेल्या दोन धुरकट होतात. एका मित्राकडे छर्ऱ्याच्या एअर रायफलवरची तीन ते नऊ पट मोठे दाखवणारी, चाळीस मिलिमीटर भिंगाची दुर्बीण पडून आहे आणि तो ती द्यायला तयार आहे. ती या बंदुकीवर बसवता येईल का? गावाजवळच्या लेथवर नळीला चार छिद्रे पाडून आटे कापून घेतले तर चालेल का? घोडा मागे ओढताना दुर्बीण आड येईल असे मला वाटते, त्यावर काय उपाय आहे? आणि काळ्या दारूच्या धक्क्याने दुर्बिणीची भिंगे हलतील का?

बंदुकीचे चार फोटो जोडले आहेत. एकूण लांबी साडेचार फुटांहून थोडी जास्त आहे. नळी तीन लोखंडी कड्यांनी लाकडाला बांधलेली आहे. चापाच्या पट्टीवर मुकुट कोरलेला आहे आणि पुढे सालातले पहिले दोन आकडे, १८, तेवढे वाचता येतात.

जागलीवाला काका

भाऊ, दुर्बिणीचे नंतर पाहू. आधी एवढेच सांगा, बंदूक रिकामी आहे याची खात्री कोणी आणि कधी केली?

टोपीच्या बंदुकीला मागून उघडून पाहण्याची सोय नसते. टोपी नाही म्हणजे बंदूक रिकामी आहे, असा समज करून घेऊ नये. बंदूक उभी करा, तोंड आकाशाकडे असू द्या आणि आपले डोके, हात नळीच्या तोंडावर आणू नका. ठासणीचा गज हलकेच आत सोडा, नळीच्या तोंडाशी त्यावर खडूने खूण करा, मग गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून त्याच खुणेवर धरून पाहा. गजाचे टोक निपलच्या, म्हणजे ज्यावर टोपी बसते त्या पोकळ टोकाच्या, छिद्रापर्यंत पोहोचले तर नळी रिकामी आहे. दोन-चार बोटे अलीकडे थांबले तर आत काहीतरी आहे. हे झाल्याशिवाय पुढचे बोलणे नको.

मिसुरीचा वऱ्हाडी

काकांचे म्हणणे सर्वांत आधी पाळावे. तोवर मी दुर्बिणीबद्दल माझा अनुभव लिहितो. माझे मूळ गाव अचलपूरजवळचे, पण गेली अठरा वर्षे मी अमेरिकेत मिसुरी राज्यात राहतो. याच राज्यातल्या सेंट लुईस शहरात जेकब आणि सॅम्युएल हे हॉकन बंधू एकोणिसाव्या शतकात ज्या धाटणीच्या ठासणीच्या रायफली बनवत, त्या धाटणीची थॉम्पसन सेंटर कंपनीची नवी रायफल माझ्याकडे आहे. तिची नळी अठ्ठावीस इंचांची, अष्टकोनी, बाहेरून सपाट बाजू ते सपाट बाजू पंधरा सोळांश इंच आणि आतून अर्धा इंच आहे. म्हणजे तिची भिंत सर्वांत पातळ जागी साडेपाच मिलिमीटरच्या आसपास येते. हे आकडे मुद्दाम देतो आहे, कारण आपल्या बंदुकीची भिंत एवढी जाड असण्याचा संभव नाही.

मित्राची दुर्बीण अशा बंदुकीला उपयोगाची नाही, आणि त्याचे कारण तिची ताकद नसून डोळ्याचे अंतर आहे. एअर रायफलच्या दुर्बिणीत पूर्ण चित्र दिसण्यासाठी डोळा तिच्या मागच्या भिंगापासून साधारण आठ-नऊ सेंटीमीटरवर असावा लागतो. त्या अंतरावर डोळा आणायचा म्हणजे दुर्बीण थेट घोड्याच्या डोक्यावर येते. मग घोडा ओढायला अंगठ्याला जागा उरत नाही, निपलवर टोपी बसवताना बोटे दुर्बिणीखाली खुपसावी लागतात आणि घाईत अर्धवट ओढलेला घोडा अंगठ्यातून सटकण्याचा धोका वाढतो. शिवाय टोपी फुटताना निपलच्या बाजूने जळता वायू आणि तांब्याच्या टोपीचे बारीक कपचे उडतात, आणि ते नेमके मागच्या भिंगाच्या खाली जाऊन आदळतात.

म्हणून अशा रायफलीवर पिस्तुलासाठी बनवतात तसली दूरच्या डोळ्याची दुर्बीण लावतात. तिच्यात डोळा पंचवीस सेंटीमीटर किंवा त्याहून दूर ठेवता येतो, त्यामुळे ती मागच्या खाचेच्या जागी, घोड्याच्या बरीच पुढे बसते. माझ्या नळीवर मागची खाच ज्या स्क्रूंनी बसवलेली होती, त्यांची छिद्रे कारखान्यातच पाडलेली होती. त्याच छिद्रांत बसणारा दुर्बिणीचा तळ बाजारात मिळाला आणि नळीला नवे ड्रिल लावावेच लागले नाही. दोन पट मोठे दाखवणारी साधी दुर्बीण मी लावली आहे. अशा दुर्बिणीत दिसणारा पट्टा अरुंद असतो, हा तिचा तोटा. अंधुक प्रकाशात मात्र ती बरी, कारण पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरना पटींनी भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते, आणि कमी पटींमुळे हा झोत जाड राहतो. तरुण माणसाची बाहुली पूर्ण अंधारात जेमतेम सात मिलिमीटरपर्यंत उघडते, वय वाढले की त्याहून कमी.

आता माझी फजिती. पहिल्या दिवशी पन्नास यार्डांवर पाच गोळ्या चहाच्या बशीएवढ्या जागेत पडल्या आणि मी खूष झालो. दुसऱ्या शनिवारी त्याच गोळ्या हातभर पसरल्या. मी दारूचे माप बदलले, गोळीभोवतीची चिंधी बदलली, वाऱ्याला दोष दिला आणि अर्धा दिवस घालवला. शेवटी नळी पुसताना दुर्बिणीच्या नळकांड्याला सहज बोट लागले, तर ते डावीकडे उजवीकडे डुलले. तळाच्या स्क्रूंना कारखान्याचे तेल तसेच राहिले होते आणि त्या तेलावर स्क्रू घट्ट राहतच नव्हते. तेव्हापासून मी स्क्रू आणि छिद्रे दोन्ही स्पिरिटने पुसतो, आट्यांना घट्ट धरणारा द्रव एक थेंब लावतो आणि दर दहा बारांनंतर बोटाने चाचपून पाहतो.

आणखी एक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाहीत. या जुन्या धाटणीच्या दस्त्याला खाली बराच उतार असतो, कारण तो नळीलगतच्या खाचेतून बघण्यासाठी घडवलेला आहे. दुर्बीण नळीच्या चार सेंटीमीटर वर गेली की गाल लाकडावर टेकत नाही, हनुवटी टेकते आणि डोके अधांतरी राहते. दर वेळी डोळा वेगळ्या जागी आला की नेमही वेगळा. मी दस्त्याला चामड्याची गादी दोरीने बांधली आहे. दिसायला ती बैलाच्या खोगिरासारखी दिसते, पण काम करते.

धक्क्याबद्दल विचारले आहे. काळ्या दारूचा धक्का ढकलल्यासारखा असतो, फटका मारल्यासारखा कमी. स्प्रिंगच्या एअर रायफलीचा धक्का दोन्ही दिशांनी बसतो, आणि तो सोसायला घडवलेली दुर्बीण इथे बहुधा टिकते. तिचा खरा वैरी काळ्या दारूची काजळी आहे. ती ओल खेचते आणि लोखंड खाते. त्यामुळे त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवावीच लागते, आणि दुर्बीण चढवलेली नळी पाण्याच्या बादलीत उभी करता येत नाही. दुर्बीण काढली की नेम पुन्हा जुळवा. हा फेरा इथले सगळेच भोगतात.

एक माहिती म्हणून सांगतो. इथल्या काही राज्यांत ठासणीच्या बंदुकीच्या हंगामात दुर्बीण चालतच नाही. कोलोरॅडोत केवळ साधी खाच-माशीच वापरावी लागते. मिसुरीत मुभा आहे, म्हणून मी लावली.

धुऱ्यावरचा

काकांनी सांगितल्याप्रमाणे आज सकाळी अंगणात, सगळ्यांना घरात पाठवून, गज टाकून पाहिला. खूण करून बाहेरून धरला, तर गजाचे टोक निपलच्या छिद्राच्या चार बोटे अलीकडे थांबते. दोनदा पाहिले. दोन्ही वेळा तेच.

म्हणजे आजोबांनी शेवटची जी ठासली, ती तशीच आहे. आजोबा १९८९ मध्ये गेले. मधली सगळी वर्षे आम्ही ती देवघरासमोर मांडली, पोरांनी तिच्यासोबत फोटो काढले आणि दर निवडणुकीला मी स्वतः ती मोटरसायकलवर आडवी बांधून ठाण्यात जमा केली. तिथेही कोणी पाहिले नाही. हे लिहितानाही हात थरथरतो आहे.

आता काय करू?

जागलीवाला काका

घाबरू नका. टोपी बसवू नका, गज आत ठोकू नका, गोळी खरवडून काढण्याचा प्रयत्न करू नका आणि "उडवूनच मोकळी करू" असे कोणी म्हणाले तर त्याला घरी पाठवा. काळी दारू ओली झाली की निकामी होते, पण वाळली की पुन्हा जिवंत होते. म्हणून निपलमधून आणि नळीच्या तोंडातून पाणी भरून रात्रभर उभी ठेवा, पाणी झिरपेल तसे पुन्हा भरा, आणि ओली असतानाच परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडे न्या. गजाच्या टोकाला बसणारा पेच त्याच्याकडे असतो, त्याने तो गोळी ओढून काढतो. नेताना परवाना सोबत ठेवा, आणि जमल्यास आधी ठाण्यात कळवा.

आमच्या काळात घरोघरी हीच चूक होत असे. रोही किंवा डुक्कर आले नाही तर सकाळी दारू वाया का घालवायची म्हणून बंदूक तशीच खुंटीला लागायची.

जुनी हत्यारे

फोटो नीट पाहिले. एक शंका आहे, आणि ती खरी ठरली तर दुर्बिणीचा प्रश्नच उरणार नाही.

तीन कड्या, एकोणचाळीस इंचांच्या आसपासची नळी, मुकुटाची चापपट्टी, हे सगळे इंग्रज फौजेच्या १८५३ च्या एनफिल्ड रायफलीच्या धाटणीशी जुळते. (१८५३ च्याच डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारले आणि पुढच्या वर्षी राज्य खालसा झाले, एवढाच या सालाचा आपल्याशी संबंध.) मूळ एनफिल्डची नळी आतून .५७७ इंच, म्हणजे सुमारे १४.७ मिलिमीटर असते आणि तिला आतून तीन पेचदार खोबण्या असतात. ही खरी रायफल. तिच्या पाठीवर शिडीसारखी उभी करता येणारी खाच असते, जिच्यावर शेकडो यार्डांचे आकडे कोरलेले असतात.

परंतु १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदी पलटणींच्या हातात रायफल द्यायची नाही असे ठरवले आणि वरून हुबेहूब एनफिल्ड दिसणाऱ्या, पण आतून गुळगुळीत आणि रुंद, .६५ इंचांच्या बंदुका त्यांना दिल्या. १८५८ आणि १८५९ च्या धाटणी म्हणून त्या ओळखल्या जातात. गोल गोळीला लांबवर नेम नसतो, म्हणून त्यांच्यावर शिडी ठेवली नाही, फक्त एक अखंड ठोकळा आणि त्यात एक खाच. आपल्या तिसऱ्या फोटोत नेमका तसा ठोकळा दिसतो आहे, शिडी नाही.

आतली गोळी निघाली की कॅलिपरने नळीचे तोंड मोजा. १४.७ च्या आसपास आले तर रायफल, साडेसोळाच्या आसपास आले तर मस्केट, म्हणजे गुळगुळीत नळीची बंदूक. सोबत टॉर्च टाकून आतल्या भिंतीवर पेच दिसतात का पाहा. दीडशे वर्षांच्या गंजाने पेच झिजू शकतात, पण दोन मिलिमीटरचा फरक गंजाने पडत नाही.

खरी एनफिल्ड निघाली तरी दुर्बिणीने फार काही साधणार नाही. तिची गोळी जड आणि संथ आहे, सुरुवातीचा वेग सेकंदाला २७० मीटरच्या आसपास. पन्नास मीटरवर नेम जुळवला तर शंभर मीटरवर गोळी साधारण फूटभर खाली पडते. अंतराचा अंदाज चुकला की दुर्बिणीत डुक्कर कितीही मोठे दिसले तरी गोळी त्याच्या पायाखाली.

ठासणीच्या रायफलीवर दुर्बीण लावण्याची कल्पना मात्र नवी नाही. अमेरिकेत १८४० च्या दशकातच नळीएवढ्या लांब पितळी दुर्बिणी लावल्या जात आणि १८५५ पासून विल्यम माल्कम हा न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूज येथे चांगल्या भिंगांच्या दुर्बिणी बनवू लागला. तसल्या लांब दुर्बिणी आजही नव्याने बनतात. त्यांच्यात नेम आतल्या भिंगाने नव्हे, तर बाहेरच्या कडीतल्या स्क्रूने हलवतात, आणि नळकांडे धक्क्याबरोबर कडीत सरकू शकते. आपल्याला जवळचे उदाहरण म्हणजे डेव्हिड डेव्हिडसन. हा मुंबई इलाख्याच्या फौजेतला अधिकारी, हिंदुस्थानात असतानाच रायफलीवर दुर्बीण लावून पाहत होता. पुढे त्याची दुर्बीण व्हिटवर्थच्या षट्कोनी पोकळीच्या रायफलींवर बसली आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या नेमबाजांनी ती वापरली. त्याने ती नळीच्या वर न बसवता डाव्या बाजूला बसवली. घोडा उजवीकडे असतो आणि टोपी उजवीकडून चढते, हे लक्षात घेतले तर मिसुरीच्या भाऊंनी सांगितलेल्या अर्ध्या अडचणी त्याने तेव्हाच टाळल्या होत्या.

लेथमास्तर

उमरेडला माझे लेथचे दुकान आहे. असे काम घेऊन वर्षाकाठी एखादा माणूस येतोच आणि मी त्याला चहा पाजून परत पाठवतो. एक कारण कायद्याचे आहे, ते इथले वकील सांगतील. दुसरे लोखंडाचे आहे, ते मी सांगतो.

दुर्बिणीचा तळ धरायला जे बारीक स्क्रू वापरतात, त्यांच्यात इंचाला अठ्ठेचाळीस आटे असतात, म्हणजे एक आटा अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. स्क्रू टिकायचा तर निदान चार आटे पूर्ण धरले पाहिजेत, म्हणजे दोन मिलिमीटरहून अधिक खोली, आणि ड्रिलचे टोक निमुळते असते म्हणून त्याच्याखाली आणखी थोडी. मिसुरीकरांच्या साडेपाच मिलिमीटर भिंतीत हे कसेबसे बसते. जुनी हत्यारे म्हणतात तशी नळी आतून रुंद केलेली असेल, तर तिची भिंत आधीच खाल्लेली आहे. तिला वरून छिद्र पाडणे म्हणजे ज्या जागी दाब बसतो तिथेच खड्डा खणणे. आणि दुर्बीण बसवायची जागा म्हणून लोक नेमकी मागची बाजू दाखवतात, जिथे दारू पेटते आणि दाब सर्वांत जास्त असतो. तिथे नळीच्या मागच्या बुचाचे आटेही असतात. ड्रिल त्या आट्यांत घुसले तर बूच आणि नळी दोन्ही बिघडतात.

शिवाय त्या काळच्या नळ्या लोखंडाची पट्टी गुंडाळून, तापवून, जोड वेल्ड करून बनवत. आजच्या एकसंध पोलादाचा भरवसा तिला लावू नये. जोड कुठे आहे ते बाहेरून दिसत नाही. कोणी म्हणेल की छिद्र नको, डाख देऊन तळ चिकटवू. कोणी म्हणेल पट्ट्याने आवळू. डाख द्यायला नळी तापवावी लागते आणि धक्क्याने तो कधी सुटेल सांगता येत नाही. पट्टा गोल, पुढे निमुळत्या होत गेलेल्या नळीवर प्रत्येक बाराला थोडा पुढे सरकतो.

ज्यांना हे करायचेच आहे त्यांनी मिसुरीच्या भाऊंसारखी नव्या पोलादाची, छिद्रे असलेली नळी घ्यावी. आजोबांच्या बंदुकीला माझ्याकडून ड्रिल लागणार नाही.

तालुका कचेरी

लेथमास्तरांनी माझ्यावर ढकलले आहे, म्हणून थोडक्यात.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची निर्मिती, दुरुस्ती, रूपांतर, चाचणी या गोष्टी त्यासाठीचा परवाना असल्याशिवाय करता येत नाहीत. लेथवाल्याकडे तो नसतो. त्यामुळे नळीला छिद्र पाडून देणारा आणि पाडून घेणारा, दोघेही अडचणीत येतात. नळीत किंवा तिच्या खाच-माशीत कायमचा बदल करायचाच असेल, तर परवाना देणाऱ्या कार्यालयाला आधी लेखी विचारावे आणि काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्यावे.

दुसरे, कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे आणि ती पुरेशी नाही असे वाटल्यास परवाना अधिकारी गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मंजूर करू शकतो. रायफल मात्र या सवलतीत येत नाही. म्हणून नळी मोजल्यावर परवान्यावरचे वर्णन एकदा ताडून पाहा. घरात काय म्हणतात आणि कागदावर काय लिहिले आहे, यांत फरक असेल तर तो आत्ताच दुरुस्त करावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षे झाली आहे, तीही पाहा.

तिसरे, आणि हे बहुतेक शेतकऱ्यांना कोणी सांगत नाही. पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारण्याची परवानगी नव्हे. ती वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी देतो आणि उभ्या पिकाचे नुकसान हे त्यासाठी कारण धरता येते. ती हातात नसताना डुकरावर बार काढला तर बंदुकीचा परवाना वाचवू शकत नाही.

जागलीवाला काका

वकील साहेबांच्या बोलण्यात एक भर घालतो. रात्री धुऱ्यावर हालणारी प्रत्येक काळी सावली डुक्कर नसते. पाणी फोडायला आलेला शेजारी असतो, परसाकडे निघालेला म्हातारा असतो, आमच्याकडे तर वाघही असतो. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून "ते काय आहे" हे पाहायचे म्हणजे आधी नळी त्याच्यावर रोखायची आणि मग ओळखायचे. हे उलटे आहे. ओळखण्यासाठी गळ्यात वेगळी दुर्बीण हवी.

धुऱ्यावरचा

पंधरा दिवसांनी लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

नळीत दोन रात्री पाणी भरून ठेवले. पहिल्या रात्री निपलमधून थेंबही उतरला नाही, दुसऱ्या दिवशी काळपट थेंब दिसू लागले. ठाण्यात कळवून नागपूरच्या एका परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने गजाच्या टोकाला पेच लावून आधी चिंध्यांचा बोळा काढला, तो एखाद्या जुन्या धोतराचा असावा, कारण किनार अजून लाल होती. त्यामागे शिशाची गोळी आली, वरून पांढरी झालेली, आणि मग काळ्या चिखलासारखी दारू. त्याने त्यातली चिमूटभर कागदावर पसरून उन्हात वाळवली आणि लांबून काडी लावली. भस्सकन पेटली. त्यानंतर मी बराच वेळ काही बोललो नाही.

कॅलिपरने नळीचे तोंड १६.६ मिलिमीटर भरले. टॉर्चच्या उजेडात पेच एकही नाही, निव्वळ गुळगुळीत, मागच्या बाजूला गंजाचे खड्डे. परवाना काढून पाहिला, त्यावर इंग्रजी अक्षरांत "एम. एल. गन" (मझल लोडिंग, म्हणजे ठासणीची बंदूक) एवढेच लिहिले आहे, म्हणजे कागद बरोबर होता आणि आमचे घरच चुकत होते. दुरुस्तीवाल्याने खड्डे पाहून सांगितले की ही नळी पुन्हा ठासू नये. मी मान्य केले. मित्राची दुर्बीण परत दिली.

एक विचारायचे राहिले. काकांच्या जावयाची ठासणीची बंदूक नवी आणि चांगल्या नळीची आहे, पण त्यांनाही माझ्यासारखाच डोळ्यांचा त्रास आहे. दुर्बीण न लावता त्यांना माशी स्पष्ट दिसेल असे काही आहे का?

मिसुरीचा वऱ्हाडी

आहे, आणि त्याला ड्रिल लागत नाही. इथले साठी ओलांडलेले नेमबाज, जे स्पर्धेत साध्या खाच-माशीनेच खेळतात, ते दोन गोष्टी करतात. एक, नेमाच्या डोळ्यासाठी वेगळा चष्मा. त्यांच्या दूरच्या नंबरात अर्धा ते पाऊण अधिक नंबर मिळवला की नजर हाताच्या पलीकडे, म्हणजे माशीच्या अंतरावर स्थिरावते आणि लक्ष्य थोडेसेच मऊ दिसते. वाचनाचा चष्मा चालत नाही, तो फार जवळ आणतो. दोन, चष्म्याच्या काचेवर, नेम धरताना डोळा जिथून बघतो तिथे, काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यात दीडेक मिलिमीटरचे छिद्र. बारीक छिद्रातून पाहिले की जवळचे आणि दूरचे दोन्ही एकदम बऱ्यापैकी स्पष्ट होतात. मात्र प्रकाश कमी होतो, म्हणून हे दिवसा आणि संध्याकाळपर्यंतच. छिद्राची जागा बंदूक खांद्याला लावून दुसऱ्याकडून खूण करून घ्यावी, आरशात पाहून लावली तर ती हमखास चुकते.

जागलीवाला काका

जावयाला सांगतो. त्याच्या बंदुकीतही आधी गज टाकून पाहिला, रिकामी होती.

गळ्यातल्या दुर्बिणीचे म्हणाल तर सात पट, पन्नास मिलिमीटरची घ्या. मिसुरीच्या भाऊंचाच भागाकार केला तर सात मिलिमीटरचा झोत येतो, पहाटेच्या उजेडात तीच बरी. जड आहे, मचाणाच्या बांबूवर टेकवून बघावी.

धुऱ्यावरचा

घेतली, काका. काल पहाटे चार वाजता पश्चिमेच्या बांधीत सात डुकरे मोजली, आणि बोडीच्या काठावर जी आठवी सावली होती ती शेजारच्या दिनकरभाऊंची निघाली, पाणी वळवायला आले होते. पत्र्याचा डबा वाजवला, कळप नाल्याकडे निघून गेला. वनखात्याकडे परवानगीचा अर्ज या आठवड्यात देतो आहे, नुकसानीचे फोटो काढून ठेवले आहेत. आई मात्र अजूनही रायफलच म्हणते.